आतली कडी

"काय हाडलंस गो? बघूं."

कोणीही बाई समोर आली की काय आणलंस, हे ती आधी विचारायची आणि तिचा हात आपल्या पिशवीवर यायचा. पिशवी उघडायची नाही हं. वरूनच थोपटायची. दोन्ही बाजूंनी, मग तळाला. आणि लगेच सांगून मोकळी व्हायची, "सुकी मासळी. खाली नव्यो व्हाणो बांदल्यात." आपण कपाळाला हात लावायचा आणि पुढे चालू लागायचं.

तिला जागाकाळ नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईची पिशवी चाचपायची. एका लग्नात तिने चक्क वरमाईची पर्स थोपटली आणि "हलकी लागता" असं सर्वांदेखत सांगितलं. पोदेर सकाळी पाव घेऊन यायचा, तो तर सायकल थांबवून टोपली स्वतःच पुढे करायचा. "घे मावशे, कर चेक!" मग ती टोपलीवरच्या कापडावरून हात फिरवायची, आणि दोघंही हसायची. शाळेतली मुलं तिला बघून दप्तरं उंच धरत.

अशी एखादी व्यक्ती तुमच्याही गावात असेल. खोड म्हणून आपण हसतो आणि सोडून देतो. मीही तेच करत होते. पण त्या गावात शिक्षिका म्हणून नवीन गेले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. काही बायका तिला पाहिलं की पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत, आणि तोंड फिरवून रस्ता ओलांडत. त्या हसत नव्हत्या.

कारण कळायला वेळ लागला नाही. गावात कारण सांगणारी माणसं कमी नसतात.

ती मूळची कोरगावची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पोर्तुगीज अमदानीत आमच्या गावाच्या टोकाला, नदीकाठी, जकातीची चौकी होती. पलीकडे सावंतवाडीचा मुलूख. आमच्या गावच्या निम्म्या सुनांचं माहेर पलीकडचं आणि कितीतरी लेकी पलीकडे दिलेल्या. होडीतून उतरलं की समोर चौकी. पुरुषांची झडती शिपाई घेत. बायकांची घ्यायला बाईमाणूस पाहिजे म्हणून हिला ठेवली होती. कुणी लुगड्यात तांदूळ बांधून आणायची, कुणी कापड, कुणी कधी सत्याग्रहींची पत्रकंसुद्धा. ते शोधून काढणं हे हिचं काम.

चौकीच्या मागच्या अंगाला त्यासाठी एक खोली होती. एकच जनेल, म्हणजे खिडकी, तीही हात पोचणार नाही इतकी वर. दाराला कडी होती ती बाहेरून. आतून काही नाही.

गोवा मुक्त झाला, पाखले म्हणजे पोर्तुगीज गेले, चौकीला टाळं लागलं. हिला सरकारी दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं. गावाने तोंडावर तिला 'मावशे' म्हटलं आणि पाठीमागे 'झडतीण'. हाताची सवय मात्र गेली नाही. नोकरी सुटली तरी हात तेच करत राहिले.

आता चौकीचं सांगते. चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, नदीच्या बाजूला लांबलचक ओसरी. सरकारने ती कधी सिमेंट ठेवायला वापरली, कधी काहीच ठेवायला वापरली नाही. शेवटी गावाने मागणी केली आणि इमारत आमच्या नाट्यमंडळाच्या हवाली झाली. ठरलं असं, की आतल्या दोन भिंती काढून मोठा हॉल करायचा, एका टोकाला रंगमंच बांधायचा. नाटक, भजन, दशावतार, मुलांचे कार्यक्रम, सगळं तिथे. कमिटी झाली. अध्यक्ष आबा, गावातले मोठे बागायतदार. एक बाईमाणूस असलेलं बरं दिसतं म्हणून मी.

आमच्या पेडणे तालुक्यातल्या माणसांना नाटकाचं वेड किती हे मी सांगायला नको. पण त्या वेडात बायकांना जागा नव्हती. ग्रामदेवी सातेरीच्या जत्रेचं नाटक म्हणजे मिशा काढलेले पुरुष नऊवारीत. नाहीतर बाहेरगावहून नट्या आणायच्या, आणि त्या बिचाऱ्यांनी कुणाच्या तरी गोठ्यात, दोन लुगड्यांच्या आडोशाला कपडे बदलायचे. गावची मुलगी स्टेजवर? शिव शिव! मी मनाशी ठरवून टाकलं होतं, चौकीच्या पहिल्या नाटकात गावची मुलगी उभी राहणार. मुलगीही हेरली होती. कुंदा. दहावी झालेली, खणखणीत आवाजाची, कुणाला न घाबरणारी.

काम सुरू झालं. कोल्हापूरकडचे गवंडी आले. आणि पहिल्याच सकाळी मावशी हजर! न बोलावता. पदर खोचून धूळ झाडायला लागली. गवंड्यांच्या भाकऱ्यांची गाठोडी थोपटली. "चटणी आनी कांदो," म्हणाली. मुकादम हबकला. "ह्या बाई कोण म्हणायच्या?" त्याने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "इथल्याच आहेत. तुमच्यापेक्षा जुन्या."

कमिटीची बैठक त्या ओसरीवरच व्हायची. ती खांबाला टेकून ऐकत बसायची आणि बैठक संपली की आबांसमोर उभी राहायची.

"आबा, फाटल्या खोलीच्या दाराक भितरसून कडी घाला."

"होईल, मावशी, होईल."

पुढच्या बैठकीला पुन्हा तेच. मागच्या खोलीला आतून कडी. तिला रंगमंच किती उंच याच्याशी देणंघेणं नव्हतं, पडदा लाल की निळा याच्याशी नव्हतं. आबा 'होईल' म्हणायचे आणि विसरायचे. एकदा वैतागून म्हणाले, "अहो, खोलीत सामान ठेवायचंय. सामान आतून कडी लावतं काय?" सगळे हसले. मी हसले नाही, कारण ती खोली मला मुलींच्या रंगपटासाठी हवी होती आणि त्यावरून माझं आबांशी आधीच वाजलं होतं. खोली मला मिळाली. कडीचं मात्र 'होईल' तसंच राहिलं.

आणि मग भाषेचं पेटलं.

ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. मराठी की कोंकणी? रस्त्यात झाडं आडवी पडत, बसगाड्या बंद, शाळा बंद. सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं. आमच्या कमिटीत भांडण लागलं ते पाटीवरून. दारावर कोणत्या भाषेतलं नाव लावायचं? दोन्ही बाजू ओसरीवर उभ्या राहून एकमेकांवर अशा ओरडल्या, की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. गंमत म्हणजे दोघंही ज्या भाषेत शिव्या देत होते ती एकच होती. पण हे बोलायची सोय नव्हती. मी बोलले, तर आबांनी मला गप्प बसायला सांगितलं आणि समोरच्यांनी सूर्याजी पिसाळ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चौकीच्या दाराला दोन कुलपं. एक या बाजूचं, एक त्या बाजूचं. आता कोणीच आत जाऊ शकत नव्हतं.

रंगमंचाचं सिमेंट नुकतंच झालेलं. मुकादम डोकं धरून बसला. "पाणी नाही मारलं तर तडे जातील हो बाई. तुमची भांडणं तुम्ही करा, पण माझं काम नासवू नका." ऐकतो कोण! मी संध्याकाळी गेले तर मावशी बाहेरून खिडकीपाशी. कळशीतून तांब्याने पाणी घेऊन गजांतून आत भिरकावत होती. निम्मं तिच्याच अंगावर येत होतं.

"मावशी, कशाला हा त्रास?"

"सुकूंक दिवंचें ना," ती म्हणाली आणि पुन्हा तांब्या बुडवला.

ओसरीवर रोज कोणीतरी पहाऱ्याला बसलेलं असायचं, दोन्हीकडचं. तिला मात्र कोणी हटकलं नाही. कुलपं निघेपर्यंत ती रोज पाणी घालत होती.

कुंदाच्या पाठोपाठ आणखी दोघी-तिघी मुली तयार झाल्या होत्या, त्यांच्या तालमी आम्ही माझ्या घरी सुरू ठेवल्या. आणि एका सकाळी कुंदाची आई दारात उभी. ही पलीकडची, मालवणी मुलखातली. गावात तिला सगळे वयनी म्हणतात. शांत बाई. त्या दिवशी मात्र ती उंबरठ्यावरूनच बोलली.

"बाई, माझा चेडू, कुंदा, त्या खोलीत जावचा नाय."

"कुठल्या?"

"चौकीच्या. कापडां बदलूक. ती झडतीण थंय फिरता. माका म्हायत आसा ती खोली."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं. लग्न होऊन पहिल्यांदा सासरी येत होती. आईने पदरात ओटी बांधून दिलेली. नारळ, तांदूळ, खण. सासरच्या सातेरीसाठी. नवऱ्याला बाहेर थांबवलं आणि हिला त्या खोलीत नेलं. मावशीने लुगडं सोडायला लावलं. ओटीची गाठ सोडायला लावली. आणि तेवढ्यात कोणीतरी बाहेरून कडी काढून दार उघडलं. शिपाई. उभा राहून हसत होता. ओटीतले तांदूळ जमिनीवर सांडले. ती तशीच लुगडं गुंडाळून पळाली. तांदूळ, नारळ तिथेच राहिले. सातेरीची ओटी देवीपर्यंत पोचलीच नाही. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"तेना दार उघडल्यान आनी ही बघीत रवली," ती म्हणाली.

मला इतका राग आला, की मी चप्पल घालून तशीच निघाले. मावशी आपल्या दारात काजू फोडत बसली होती. मला बघून हात पुढे आला, "काय हाडलं..." आणि माझा चेहरा बघून थांबला.

मी सगळं विचारलं. आडपडदा न ठेवता. तिने काजूची सुपली बाजूला सारली.

"दार हांवें उगडूंक ना," ती शेवटी म्हणाली. "हांव भितर आसलंय. कडी भायर आसली. पाठ लावन उबी रावलंय दाराक. तो धकलून आयलो."

"म्हणजे दार तुम्ही उघडलं नाहीत. आणि मग?"

"मागीर काय? ती गेली. हांवें तांदूळ एकठांय केले."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या दिसा कामार गेलंय."

बस्स. 'पोटासाठी' म्हणाली नाही, 'काय करणार' म्हणाली नाही. रडलीही नाही. मला तिची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, त्या क्षणी आली नाही. मी म्हटलं, "मावशी, त्या मुलीला स्टेजवर उभी राहू द्यायची असेल, तर नाटकाच्या दिवशी तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"ना टाकचंय," ती म्हणाली. आणि मी फाटकापर्यंत गेल्यावर मागून हाक आली, "बाई, कडी तेवडी..."

पुढे भाषेचा कायदा झाला, मग गोवा घटक राज्य झालं. वरचे लोक हार घालून मोकळे झाले. खाली आमच्याकडे धग तशीच होती. कुलपं निघाली, ती एका अटीवर. पाटी लावायचीच नाही. कोणाचीच नको. उद्घाटनाला मंत्री नको, भाषण नको. थेट नाटक. आणि तेही दिवसाउजेडी, चार वाजता, कारण रात्रीचा धोका घ्यायला कोणी तयार नव्हतं.

आई नाटकाला सोडेना म्हणून कुंदाने घरात अन्नपाणी सोडलं होतं. तेव्हा वयनी एवढ्या अटीवर तयार झाली, की मी स्वतः खोलीत मुलीसोबत बसेन आणि ती बाई आत येणार नाही. मी मेस्ताला, गावच्या सुताराला, बोलावून सांगितलं, मागच्या खोलीला नवी कडी लाव. "लायतां," म्हणाला. आबांनीही दुजोरा दिला. मी निश्चिंत झाले.

नाटकाच्या दिवशी दुपारी मी खोलीकडे गेले आणि आधी दार पाहिलं. मेस्ताने नवी कोरी, पितळेची, सुंदर कडी लावली होती. बाहेरून! जुनी जिथे होती तिथेच, तीच भोकं मोठी करून. मी त्याच्यावर ओरडले तर तो गोंधळून म्हणाला, "पयली कडी थंयच आसली मगे, बाई. आबानीय पळयलें, बरी जाल्या म्हणाले." जन्मात कधी आतून दार लावायची वेळ न आलेल्या पुरुषांना आणखी काय सुचणार! आता अवजारं त्याच्या घरी, आणि हॉल माणसांनी भरत आलेला. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये मोकळी वाट ठेवून बसलेले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

वयनी कुंदाला घेऊन आली. दार पाहिलं. कडी पाहिली. मुलीचं मनगट धरलं आणि वळली.

मावशी मागच्या व्हरांड्यात कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली. वयनीकडे न बघता दारापाशी गेली, बाहेरच्या बाजूला जमिनीवर बसली, आणि पाठ दारालगत नेऊन म्हणाली, "भितर वचात. हांव हांगा आसां."

कुंदाने हात सोडवून घेतला आणि आत गेली. मग आईही गेली, मागोमाग बाकीच्या मुली, आणि मी आत बसायची गरज उरली नाही. मी बाहेरून दार ओढून घेतलं आणि मावशी त्याला पाठ लावून बसली.

पहिला अंक बरा गेला. कुंदा उभी राहिली तेव्हा तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. पुरुषांनी आपापल्या बाजू विसरून टाळी दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं.

दुसऱ्या अंकाआधी मुली लुगडी बदलायला आत गेल्या आणि बाहेर कुठेतरी घोषणा सुरू झाल्या. कोणाच्या, ते आजही कोणी कबूल करत नाही. एक दगड कौलावर पडला. कौल फुटून खाली आलं. मग आणखी दगड. हॉलमध्ये पळापळ. माणसं आडोसा शोधत मागच्या व्हरांड्यात घुसली आणि समोर दिसलं ते एक दार.

"मावशे, सर! भितर सोड!"

"भितर बायलो आसात."

"दगड पडतात, दिसत नाय?"

"पडूं दी."

मी गर्दीत अडकले होते, दोन हात अंतरावर. तिला बाजूला करायला कोणी तिचा खांदा ओढला, कोणी दारावर हात मारला. चांगली माणसं होती ती, घाबरलेली. आबासुद्धा त्यात होते. ती जमिनीवर पाय रोवून बसली होती, दोन्ही हात चौकटीत अडकवलेले. पडलेल्या कौलाचा तुकडा तिच्या कपाळाला लागला होता. रक्त भुवईवरून ओघळत होतं आणि पुसायला तिने हात काढला नाही. "ना," एवढंच म्हणत होती. "ना. ना." मी ओरडले, "आबा, तुमची सून असती आत तर?" तेव्हा आबा भानावर आले आणि वळून त्यांनीच माणसं मागे लोटायला सुरुवात केली.

दार उघडलं नाही.

दगड थांबले. कोणीतरी म्हणालं, नाटक बंद करा. आतून कुंदाचा आवाज आला, "बाई, लुगडां नेसून झालां. घंटा द्या."

दुसरा अंक झाला. तिसराही झाला. फुटलेल्या कौलातून ऊन येत होतं आणि त्यात मुली उभ्या राहून बोलत होत्या. दोन्ही बाजूंची माणसं शेवटपर्यंत बसली होती.

संपल्यावर मी मागे गेले. मावशी अजून तिथेच, दाराला पाठ लावून. "मावशी, उठा आता." उठवेना. पाय आखडले होते.

आतून दारावर टकटक झाली. ती सरकली. वयनी बाहेर आली, हातात कापडी पिशवी. सवयीने मावशीचा हात वर आला. पिशवीला लागणार, तेवढ्यात तिने तो ओढून घेतला आणि पदराखाली लपवला. तिला हात आवरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

वयनी थांबली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पिशवी मावशीसमोर धरली.

"बघ. काय हाडलंय ता बघ."

"नाका गो."

"बघ म्हणतंय मां!"

मावशीने हात लावला नाही. तेव्हा वयनी खाली बसली आणि पिशवीतलं एकेक तिच्या मांडीवर ठेवलं. नारळ. खण. पानात तांदूळ.

"सातेरीची ओटी. तेव्हाची रवली हा. तू सोडलंस, आता तूच बांद."

"हांव बोडकी गो. म्हज्या हातान..."

"बांद," वयनी म्हणाली.

मावशीने बांधली. कपाळावरचं रक्त खणावर पडेल म्हणून मान बाजूला वळवून गाठीवर गाठ दिली. वयनीने ती उचलली, पदराने मावशीचं कपाळ पुसलं, आणि कुंदाला घेऊन सातेरीच्या देवळाकडे गेली. माफ केलं वगैरे काही बोलली नाही. पुढेही त्या दोघी फारशा बोलत नव्हत्या. पण वयनीने पिशवी खांदा बदलून धरली, असं मी पुन्हा पाहिलं नाही.

कडी दुसऱ्या दिवशी आतून लागली. मेस्त लावत असताना मावशी शेजारी उभी होती, डोक्याला पट्टी. लावून झाल्यावर ती एकटी आत गेली, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. आम्ही बाहेर वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने बाहेर आली. "बरी बसता," म्हणाली.

तिला जाऊनही आता खूप वर्षं झाली. जायच्या आधी दवाखान्यात मी भेटायला गेले होते. तिने माझ्या पिशवीवर हात ठेवला, थोपटायची ताकद नव्हती. "मोसंबी," मीच सांगून टाकलं. तिने मान हलवली.

चौकीवर आजही पाटी नाही. कोणाला विचारलं, नाटक कुठे, तर उत्तर येतं, "चौकीर." मोप्याच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या आता वरच्या रस्त्याने पळतात, इकडे कोणी वळत नाही. परवा मुलींच्या नाटकाला मला बोलावलं होतं. मी काठी टेकत मागच्या खोलीकडे गेले, त्यांना शाबासकी द्यायला. दाराच्या बाहेरच्या अंगाला स्क्रूची जुनी भोकं आहेत. वयनी ती बुजवू देत नाही. रंग देणारे आले की स्वतः येऊन उभी राहते.

मी दार ढकललं. उघडलं नाही. आतून मुलींचं हसणं ऐकू आलं आणि एक ओरडली, "कडी घातलीय हो! कापडं बदलतोय!"

"सावकाश होऊ दे," मी म्हटलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.